हरलेल्याने आधी जेवायचं

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हजार आठशे रुपये भाडं ठरलं. तेव्हा तिथे चौघं हजर होतो: घरमालकीण अक्का, मी, माझी बायको आणि समोरच्या घरातले आबा. आबा तिथे कशाला होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं नाही.

जागा धुळ्यात, पांझरा नदीच्या पलीकडे. मी मूळ जळगावचा. पाइप विकणाऱ्या कंपनीत हिशेब बघतो. कंपनीने मला तीन वर्षांसाठी धुळ्याच्या डेपोवर पाठवलं होतं. दोन खोल्या, मोरी, वेगळं मीटर. अशा जागेला त्या गल्लीत तीन हजार तीनशे पडतात, हे मी आधीच चार घरी विचारून ठेवलं होतं. म्हणून अक्कांनी दोन हजार आठशे सांगितल्यावर मी विचारलं, पाचशे कमी कशाबद्दल? भाडं कमी का, असं विचारणारा भाडेकरू त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"शनिवार-रविवारची हजेरी," त्या म्हणाल्या. "टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागते. दोघांनी पुढच्या खोलीत येऊन बसायचं. एकट्याने बघायची गोष्ट नाही ती."

"आणि नाही आलो तर?"

"मग त्या महिन्याचं भाडं पूर्ण."

दारातल्या खुर्चीवर बसलेले आबा म्हणाले, "हो म्हणा, भाऊ. मी तर फुकट हजेरी लावू राह्यलो. मले पाचशेची सूट द्यायला भाडंच नाही, घर माह्यं स्वतःचं."

मी हो म्हणालो. माझ्या हिशेबाने सौदा फायद्याचा होता. गाण्यातलं मला काही कळत नव्हतं, पण बसायला कळायची गरज नसते.

अक्का साक्रीकडच्या, शेतकरी घरातल्या. यजमान एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या पश्चात अक्का या घरात एकट्याच राहत होत्या. माझ्याशी त्या साध्या मराठीत बोलायच्या. राग आला किंवा टीव्ही लागला की अहिराणीत. आबा यावलचे. केळीच्या वाहतूक कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर स्वतःच्या हाताने कधी खिचडी, कधी पिठलं करून खाणारे. त्यांची बोली वेगळी, अक्कांची वेगळी. दोघं एकमेकांची नक्कल करायचे आणि दोघांनाही वाटायचं की समोरच्याला ती ओळखू येत नाही.

शनिवारी कार्यक्रम लागायच्या आधी अक्का लुगडं बदलायच्या. सूत्रसंचालकाने हात जोडून नमस्कार केला की डोक्यावरचा पदर सारखा करून मान हलवायच्या, पाहुणा दारात आला की करावी तशी. पण त्या माणसावर त्यांचा राग होता. बाहेर जाणाऱ्या स्पर्धकाचं नाव सांगायच्या आधी तो थांबायचा. दिवे मंद व्हायचे, ढोलासारखा आवाज वाजत राहायचा, पोरापोरींचे चेहरे एकेक करून दाखवायचे आणि मग जाहिरात लागायची. अक्कांनी त्याचं नाव थांब्या ठेवलं होतं. तो थांबला की त्या उठून आत जायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या. "तो थांबस तवलोंग चहा व्हई जास," असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. कधी कधी चहा पिऊन कप धुऊन व्हायचे. तोवर आतून त्यांचा आवाज येत असायचा, "सांगी टाक ना भो, कसाले छळस त्या पोरीले?"

परीक्षक बोलायला लागले की अक्का आवाज पूर्ण बंद करायच्या. त्यांच्या मते वर्षानुवर्षं गाणी ऐकून परीक्षकांचं पोट भरलेलं होतं, आणि पोट भरेल माणसाले चव कळस नै. त्या मुक्या वेळात आमची चर्चा व्हायची. परीक्षक हात हलवत राहायचे आणि निकाल आम्ही द्यायचो.

स्पर्धकांची खरी नावं त्या खोलीत कोणी घेत नसे. एक मुलगा गाताना हवेत जिने चढायचा, तो हातवारे. एक मुलगी आईची आठवण निघाली की डोळे पुसायची, ती रडकी. माझ्या बायकोला तीच आवडायची. त्यावर आबा म्हणायचे, "वहिनी, रडण्याला मत द्यायचं तर आमच्या नळाला द्या, तो सकाळपासून गळू राह्यला." आबांची पसंती डोळे मिटून गाणाऱ्या एका मुलाला. आणि अक्कांची साक्रीवाली. ही मुलगी साक्रीची नव्हती, विदर्भातली होती. तिच्या गावाचं नाव दर वेळी पडद्यावर यायचं. अक्कांना वाचता येत होतं, पण त्या ते मानत नव्हत्या. मी एकदा ते त्यांच्या लक्षात आणून दिलं.

"आवाज साक्रीचा शे," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्याने चुकीचं लिहिलं."

पुढे त्यांनी त्याचं कारण सांगितलं. त्यांच्या गावाच्या मधून ओढा जायचा. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी झोके घ्यायच्या, मग ओढ्याच्या दोन काठांवर जमायच्या आणि समोरासमोर गाणी म्हणायच्या. एका काठाने म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. त्यात एकमेकींच्या सासरची, नवऱ्यांची, नाकाडोळ्यांची उणीदुणी सगळी निघायची. ज्या बाजूचं गाणं आधी संपेल ती हरली. साक्रीवालीचा आवाज तसा पलीकडच्या काठावर पोचणारा होता. माइक नसला तरी तिचं चाललं असतं.

"आणि हरणाऱ्या?" माझ्या बायकोने विचारलं.

"ओढा ओलांडून यायच्या. जिंकणाऱ्यांच्या घरी जेवायच्या. आधी हरलेलीने जेवायचं, मग जिंकलेलीने. ताट लागेपर्यंत शिव्या, ताट लागलं की संपलं. आमच्यात कोणाला बाहेर काढत नव्हते."

टीव्हीवर पोरांना बाहेर काढतात, सामान घेऊन उपाशीपोटी पाठवून देतात, असं त्या धरून चालल्या होत्या. म्हणून ज्या दिवशी कोणी बाहेर जायचं, त्या दिवशी अक्का आमच्या ताटांबरोबर एक ताट जास्त मांडायच्या. जाणाऱ्याचं ताट. त्यावर हळदीकुंकू वगैरे काही नाही. साधं ताट, पण वाढलेलं पूर्ण: ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, कांदा, ठेचा. ते वाया घालवायचं नाही. त्या संध्याकाळी ज्याने जाणाऱ्याला नावं ठेवली असतील, त्याने आपलं जेवण झाल्यावर तेही खायचं. माझी बायको बोलायला मोकळी. पहिल्या महिन्यात दोनदा तिला दोन जेवणं जेवावी लागली. नंतर ती आमच्या खोल्यांतून निघतानाच मला सांगायची, आज मी काही बोलले तर पाय दाबा.

आबा मात्र दर शनिवारी तोंड सोडून बोलायचे. हातवारे गेला त्या दिवशी त्याच्या आवाजाला त्यांनी गंजलेल्या चाकाची उपमा दिली. रडकी गेली तेव्हा म्हणाले, बरं झालं, आता टीव्हीखाली फडकं ठेवायला नको. मग खाली मान घालून दुसरं ताट जेवायचे आणि भरीत संपलं की थोडं आणखी मागायचे. मला हे समजायला वर्ष लागलं. अक्कांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. कारण जाणाऱ्याच्या ताटातल्या भरितावर तेल जास्त असायचं, आणि ठेचा आबांना झेपेल इतकाच तिखट.

ही त्यांची रीत. हातवारे, रडकी, साक्रीवाली ही सगळी आमच्या दुसऱ्या वर्षाच्या स्पर्धेतली. शेवटी दोघंच उरले, डोळे मिटणारा आणि साक्रीवाली. अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी, परीक्षक मुके असताना, आबा म्हणाले, "आवाज मोठा आहे तिचा, नाही कोण म्हणतं. पण तो झोक्यावर शोभायचा आवाज. आखाजीपुरता. स्टेजवर नाही चालत."

ते नेहमीसारखंच बोलले होते. कदाचित जीभ नेहमीसारखी भरिताच्या वासाने सुटली होती. पण त्या दिवशी कोणी बाहेर जाणार नव्हतं, जास्तीचं ताट मांडलेलं नव्हतं, त्यामुळे त्या बोलण्याला उतारा नव्हता.  अक्कांनी टीव्हीचा आवाज सुरू केला आणि परीक्षकाचं पूर्ण बोलणं ऐकून घेतलं. माझ्या माहितीत हे पहिल्यांदाच झालं.

उठताना त्या म्हणाल्या, "उद्या देखू, आबा. हारेल बाजूने ओलांडून जायचं. जेवाले."

"कबूल," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी थांब्या कधी नव्हे इतका थांबला. अक्का चहाला उठल्या नाहीत. डोळे मिटणारा जिंकला. आबा टाळ्या वाजवायला गेले आणि मधेच त्यांनी हात मांडीवर ठेवले. "उद्या या, अक्का," ते हळू म्हणाले. "भरीत मी करतो."

सोमवारी आबा बाजारातून हिरवी भरताची वांगी घेऊन आले. गच्चीवर तुराट्या पेटवून त्यांनी ती भाजली. इतक्या वर्षांत त्यांच्या घरातून तसा धूर निघाला नसेल. गल्लीतली पोरं विचारायला आली. आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. आम्ही जाऊन बसलो. चार ताटं मांडली होती. अक्कांच्या ताटासमोर आबांनी बसायला पाटही ठेवला होता, त्यांना खाली बसायला त्रास होतो म्हणून. आम्ही वाट बघितली. भाकरी झाकून ठेवली. शेवटी मी गल्ली ओलांडून अक्कांना बोलवायला गेलो.

अक्का दारातच बसल्या होत्या. "मला उपास आहे," त्या म्हणाल्या.

मी परत जाऊन तसं सांगितलं. आबा म्हणाले, "सोमवार तिने कधी धरला नाही." मग आम्हा दोघांना वाढलं. स्वतः जेवले नाहीत. हरलेल्याने आधी जेवायचं, असं ते म्हणाले, आणि हे म्हणताना ते हसत होते. उद्या येईल, अशी त्यांची खात्री होती.

अक्का दुसऱ्या दिवशीही गेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं मला त्या आठवड्यात पुष्कळदा ऐकावं लागलं. "मी हारनू नै. ती पोर हारनी. मत मोजणाऱ्याने हरवलं." आबांचं म्हणणं मी समोरच्या घरात ऐकायचो. "नियम माहा नाही, तिचा आहे. मी तो मोडला तर तिलाच वाईट वाटेल." दोघांचंही मला पटायचं. मी निरोप पोचवत गेलो, शब्द न बदलता. एखादा शब्द बदलून सांगायचा असतो हे माझ्या स्वभावात नाही. असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

पुढच्या महिन्यात अक्कांनी भरीत केलं आणि वाटी भरून माझ्या बायकोच्या हाती समोर पाठवली. आबांनी ती उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि परत दिली. "आधी तिने माह्या घरी जेवायचं," ते म्हणाले. "मग मी हे खाईन. खायची इच्छा आहे, सांगा तिले." बायकोने तसंच सांगितलं. अक्कांनी वाटी घेतली आणि ते भरीत रात्री आमच्या ताटात आलं. त्यावर तेल जास्त होतं.

असा पावसाळा गेला, हिवाळा आला. गल्लीची रुंदी म्हणाल तर समोरासमोर दोन मोटरसायकली उभ्या केल्या की मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढी. आबा सकाळी दारात रांगोळीपुरतं पाणी शिंपडायचे तेव्हा अक्का आत असायच्या. ते आत गेले की त्या बाहेर यायच्या. शनिवार-रविवारी त्या वेळेला दुसराच कुठला तरी विनोदी कार्यक्रम लागत होता. आम्ही करारानुसार हजर राहायचो. आबांची खुर्ची दारातच असायची. अक्का ती आत घेत नव्हत्या आणि त्यावर कोणाला बसूही देत नव्हत्या.

फेब्रुवारीत आबांचा मुलगा नाशिकहून आला. आबांना चक्कर येऊन ते मोरीत पडले होते. फार लागलं नव्हतं, पण आता एकटं ठेवणं बरोबर नाही, असं तो म्हणाला. बरोबरच होतं. घर भाड्याने द्यायचं ठरलं. सामानाचा टेम्पो रविवारी सकाळी येणार होता.

शनिवारी संध्याकाळी अक्कांनी मला विचारलं, "चूल आवरली का त्यांनी?" मी म्हणालो, गॅस दुपारीच काढला, भांडी पोत्यात गेली. 

सकाळी टेम्पो भरला. कपाट, पलंग, पाटही गेला. गल्लीतली माणसं निरोपाला जमली होती. आबा मुलाच्या गाडीत पुढे बसले होते, पाय अजून बाहेर. अक्का घरातून निघाल्या. त्यांनी शनिवारचं लुगडं नेसलं होतं. गल्ली ओलांडून त्या गाडीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"वाढा, आबा," त्या म्हणाल्या. "मी हारनू."

आबांनी इकडेतिकडे पाहिलं. घरात वाढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगा म्हणाला, वाटेत हॉटेल आहे, आपण सगळेच चहा घेऊ. आबांनी त्याला हाताने गप्प केलं. पायाशी पिशवी होती, शेजारच्या घरून वाटेसाठी दिलेल्या दशम्यांची. त्यांनी एक दशमी काढली, तिच्यावर चटणी ठेवली आणि अक्कांच्या हातात दिली. अक्का तिथेच उभ्या राहून जेवल्या. घाईने नाही. एकेक घास चावून. आम्ही सगळे ते बघत उभे होतो आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवायचा थांबला होता. शेवटचा घास झाल्यावर आबांनी विचारलं, "आणखी?" अक्कांनी नको म्हणून मान हलवली. तेव्हा आबांनी दुसरी दशमी काढली आणि स्वतः खाल्ली.

"थांब्यापेक्षा जास्त थांबवलं तुम्ही," ते म्हणाले.

अक्कांनी पदर सारखा केला.  गाडी निघाली.

आखाजीनंतर नवीन स्पर्धा सुरू झाली. नवी पोरं, नवे परीक्षक, थांब्या तोच. पहिल्या शनिवारी अक्कांनी टीव्ही लावला, दोन गाणी ऐकली आणि बंद केला. पुढच्या शनिवारी लावलाच नाही. त्या महिन्यात मी नाशिकला आबांना फोन केला. ते खुशीत होते. मुलगा-सून जपतात, डॉक्टर जवळ आहे. स्पर्धा बघता का, विचारलं तर म्हणाले, नातवाची दहावी आहे, घरातला टीव्ही वर्षभर बंद. फोनवर दिसतं म्हणतात, पण त्याला नेटचा रिचार्ज लागतो, तो मोठा असतो, आणि मुलाला सांगायला बरं वाटत नाही.

महिनाअखेर मी अक्कांसमोर तीन हजार तीनशे ठेवले. हजेरी झाली नव्हती, तेव्हा भाडं पूर्ण, हा करार होता. अक्कांनी नोटा मोजल्या. पाचशेची एक नोट बाजूला काढून माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही यायला तयार होता. टीव्ही मी बंद ठेवला," त्या म्हणाल्या.

मी ती घेतली नाही. आबांशी झालेलं बोलणं त्यांना सांगितलं. त्यांनी नोट पुन्हा माझ्याकडे सरकवली.

"मग आबाले धाडा, रिचार्जले," त्या म्हणाल्या. "सांगा, हजेरी लागेल. तिकडून."

पैसे पाठवायला मी फोनवर आबांचा नंबर टाकला. वर नाव मुलाचं आलं. नंबरला जोडलेलं खातं त्याचंच होतं. मी ते अक्कांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं, आणि या वेळी जे लिहिलं होतं ते मानलं. "तरी धाडा," त्या म्हणाल्या. मी पैसे पाठवले आणि ते कशासाठी आहेत याचा निरोप मुलाला लिहिला.

त्या शनिवारी अक्कांनी लुगडं बदललं आणि टीव्ही लावला. आबांच्या हजेरीसाठी फोन मांडीवर घेऊन बसल्या. थांब्या थांबला, दिवे मंद झाले, जाहिरात आली, गेली. अक्का आधण ठेवायला उठल्या नाहीत. एका लांब वेणीच्या मुलीचं नाव जाहीर झालं. अक्कांनी आमच्या ताटांबरोबर जाणारीचं ताट मांडलं आणि आम्ही जेवलो. मग ते ताट कोणी खायचं, हा प्रश्न आला. तिला कोणी नावं ठेवली नव्हती.

पाचशे रुपये नाशिकला आबांच्या मुलाच्या खात्यात पाठवले त्याच दुपारी जमा झाले होते. देणाऱ्या अक्का, घेणारे आबा, मधला मी. फोन त्या शनिवारी वाजला नाही. जाणारीचं ताट अक्कांनी झाकून ठेवलं.